ग्रामोफोनच्या पेटीला खोबरेल लावू नका

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत झाडझूड सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींना रंगाचा हात लागतो, आणि जूनपासून ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेलं नसतं अशा वस्तूंवर अचानक सगळ्यांची नजर जाते. म्हार्दोळच्या माझ्या मामेभावाने मला फोनवर एक फोटो पाठवला. आजोबांच्या ग्रामोफोनची पेटी, आणि झाकणावर दुधाची साय धरावी तसं काहीतरी पांढुरकं. खाली एकच ओळ: "दादा, हें कितें जालां? खोबरेल लावूं?"

"नको" एवढं लगेच कळवलं. का नको, ते सांगायला फोन केला तर अर्धा तास गेला आणि तरी निम्मंच सांगून झालं. जुन्या घरांमधून असे बाजे अजून बरेच आहेत. कोणी मुंबईहून आणलेले, कोणी आफ्रिकेतून परतताना. त्यांची यंत्रं दुरुस्त करणारी माणसं शोधली की सापडतात. पेटीचं मात्र घरच्या घरी, जो येईल तो, हाताला लागेल त्याने "क्लिनिंग" करतो. माझ्या पाहण्यात वाळवीने जितक्या पेट्या खाल्ल्या, त्याहून जास्त फडक्याने खाल्ल्या.

पेटी म्हणजे नुसतं लाकूड नव्हे

एडिसनने 1877 साली फोनोग्राफ काढला तो नळकांड्यावर आवाज कोरणारा. सपाट तबकडी वाजवणारा ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, त्याचं पेटंट 1887 चं. आपण दोघांनाही सरसकट ग्रामोफोनच म्हणतो, तेव्हा इथेही तसंच म्हणू. सुरुवातीच्या यंत्रांची पेटी लहानशी, आत फक्त चावीची मोटर. कर्णा बाहेर. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने 1906 साली कर्णा दुमडून पेटीच्या पोटात घातला, आणि तेव्हापासून ग्रामोफोन दिवाणखान्यातल्या फर्निचरात जमा झाला. दारं, जाळी, झाकण, तबकड्यांचे कप्पे. लाकूडकामाची हौस भागवायला कारागिरांना मोकळं रान मिळालं.

अशी पेटी वरून अखंड महोगनीची किंवा अक्रोडाची वाटते. बहुतेक वेळा ती तशी नसते. आत साधं लाकूड किंवा प्लायवूड, त्यावर सरस, त्यावर किमती लाकडाचा 1 मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ पापुद्रा, म्हणजे सुतार ज्याला व्हिनियर म्हणतात तो, आणि सगळ्यात वर पॉलिश. बेबिंक या आमच्या थरांच्या गोड पदार्थासारखे थर. आपण फडकं फिरवतो ते फक्त वरच्या थरावर. लाकडाला आपला हात लागतच नाही, आणि लागला तर समजावं की वरचं काहीतरी गेलेलं आहे.

पेटी "चमकते" म्हणजे लाकूड चमकत नाही. चमकतो तो हा वरचा थर, माणसाच्या केसाच्या जाडीशी तुलना करावी इतका पातळ.

तबकडी आणि पॉलिश, दोन्ही एकाच किड्याची

हा थर कशाचा? पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या, आणि त्यानंतरच्याही बऱ्याच पेट्यांवर तो लाखेचा आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राहतात आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडतात. तो खरवडून, वितळवून, गाळून त्याचे पातळ पापुद्रे करतात. रंगाच्या दुकानात त्याला चपडा किंवा लाखदाणा म्हणतात. स्पिरिटमध्ये तो विरघळवायचा, कापडाच्या बोळ्याने लाकडावर पुन्हापुन्हा घासत चढवायचा, की झालं फ्रेंच पॉलिश. नाव फ्रेंच, पण माल मुख्यतः आपल्या मध्य आणि पूर्व भारतातल्या जंगलांतला.

गंमत अशी की त्या पेटीवर फिरणारी 78 फेऱ्यांची जुनी तबकडीही लाखेचीच. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचं मिश्रण दाबून ती बनायची. कोलकात्यात 1908 पासून अशा तबकड्या छापल्या जात. म्हणजे पेटी आणि गाणं, दोघांचं माहेर एकच.

लाखेचे दोष आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहेत. पांडवांना जाळण्यासाठी कौरवांनी लाक्षागृहच का बांधलं? कारण लाख उष्णतेने चटकन मऊ होते आणि आग लागली की भडकते. पेटीच्या बाबतीत चार गोष्टी लाखेच्या वैरी. पहिली उष्णता: गरम चहाचा कप ठेवला की गोल पांढरा डाग. दुसरी पाणी: बराच वेळ साचून राहिलं की थर दुधाळ होतो. तिसरी क्षार: धुण्याचा सोडा, कडक साबण, अमोनिया घातलेलं काच पुसायचं पाणी, यांनी लाख विरघळते. चौथा आणि सगळ्यात वाईट वैरी म्हणजे अल्कोहोल. ज्या स्पिरिटात विरघळवून लाख चढवली, त्याच स्पिरिटात ती उतरते. शंभर वर्षांनीही.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. 2020 साली आपण सगळेच दाराच्या कड्यांपासून भाजीपर्यंत सगळं सॅनिटायझरने पुसत होतो. मी आमच्या ग्रामोफोनचं झाकणही पुसलं. फडक्यावर तपकिरी रंग आला तेव्हा मला वाटलं, केवढा मळ निघतोय! म्हणून आणखी जोर लावला. तळहाताएवढा भाग टक्कल पडल्यासारखा झाला तेव्हा लक्षात आलं की निघत होता तो मळ नव्हता, आजोबांच्या वेळचं पॉलिश होतं. तो डाग अजून आहे.

पांढरं आलं म्हणजे नेमकं काय आलं?

मामेभावाच्या फोटोकडे परत येऊ. झाकणावर पांढरं दिसण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात, आणि तिघांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. त्यामुळे आधी कोरडं बोट हलकेच फिरवून बघावं.

बोटाला पांढरी धूळ लागली, वास कुबट आला, आणि उजेड तिरपा धरल्यावर ठिपके किंवा लव दिसली, तर ती बुरशी. ती पॉलिशवर बसलेल्या मळावर आणि तेलावर वाढते. बोटाला काही लागलं नाही आणि पांढरेपणा काचेखाली धुकं असावं तसा आतच राहिला, तर ओल पॉलिशच्या थरात शिरली आहे. याला पॉलिशवाले "ब्लश आलं" म्हणतात. आणि पांढरं फक्त बारीक भेगांमध्ये, रेघारेघांनी असेल, तर पूर्वी कोणीतरी लावलेलं मेण तिथे अडकून वाळलेलं आहे. हे तिसरं निरुपद्रवी.

ब्लशला पहिला उपाय म्हणजे काही न करणं. खोली कोरडी झाली की हलका ब्लश आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो. जो उतरत नाही त्यावर जाणकार पॉलिशवाला स्पिरिटचा जेमतेम वास लागलेला बोळा फुंकरीसारखा फिरवतो आणि धुकं निघून जातं. बघायला जादू वाटते. करायला जाऊ नका. फुंकर आणि फडकं यांत जो फरक आहे तो मी वर सांगितलाच.

मीठ सुटतं तसं लाकूडही सुटतं

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. या दिवसांत हवेतली सापेक्ष आर्द्रता कित्येकदा 90 टक्क्यांपर्यंत जाते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे, हवेला त्या तापमानात जेवढी वाफ धरून ठेवता येते त्याच्या किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे. शंभर टक्के म्हणजे हवेचं पोट तुडुंब भरलेलं. स्वयंपाकघरात मीठ सुटतं, पापड मऊ पडतात, देवघराचं दार चौकटीत अडकतं, ते याच्यामुळे.

लाकूड म्हणजे गवताच्या पेंढीसारखा बारीक नळ्यांचा भारा. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी या नळ्यांच्या भिंती हवेतली वाफ घेत-सोडत राहतात. हवा 60 टक्के दमट असेल तर लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 11 टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं. 90 टक्के दमट हवेत बराच काळ राहिलं तर ते 20 टक्क्यांच्या आसपास जातं. पेंढी भिजली की लांबीला वाढत नाही, जाडीला फुगते. लाकूडही तसंच, लांबीत जवळजवळ स्थिर आणि रुंदीत हलतं. 40 सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी, पाण्याचं प्रमाण नुसतं पाच टक्क्यांनी वाढलं तरी 3-4 मिलिमीटर रुंद होऊ शकते. ओकची फळी तर याच्या जवळपास दुप्पट हलते.

आता विचार करा, फळी फुगते आहे, तिच्यावर चिकटलेला पापुद्रा वेगळ्या प्रमाणात फुगतो आहे, मधला सरस ओलीने मऊ पडतो आहे, आणि वरची जुनी लाख ताठ झालेली असल्याने ताणली जायला तयार नाही. मग पापुद्रा फोडासारखा उचलला जातो आणि पॉलिशवर सुसरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. एका पावसात हे होत नाही. पन्नास पावसाळे आणि पन्नास उन्हाळे आलटून-पालटून येतात तेव्हा होतं.

म्हणून घोर लावून घ्यायचा तो ओलीचा नव्हे, ओलीच्या चढउताराचा. दिवसभर एसी लावून संध्याकाळी खिडक्या सताड उघडणाऱ्या खोलीत पेटी ठेवणं हे मला ओसरीवर ठेवण्यापेक्षा वाईट वाटतं. चिऱ्याच्या जुन्या घरात पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाऊन आतपर्यंत ओली होते. पेटी त्या भिंतीला टेकवू नये. आतल्या भिंतीशी, तीही चार बोटं सोडून, पायांखाली लाकडाचे ठोकळे घालून ठेवावी. पाऊस लागला की झाकण दोन बोटं उघडं आणि खोलीतला पंखा मंद चालू. बुरशीला अडवायला हलती हवा लागते. आर्द्रता साधारण 65-70 टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढतच नाही. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते पेटीच्या कप्प्यात ठेवावं.

आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. आतली ओल आतच कोंडते. झाकायचीच असेल तर आजीच्या जुन्या लुगड्यासारखं दुसरं आवरण नाही.

चवथीच्या आधी पेटी साफ करू नका

हे वाचून घरची मंडळी नाराज होतील, पण माझं स्पष्ट मत आहे. चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. हवेचं पोट अजून भरलेलंच. तुम्ही ओलसर फडकं फिरवलंत तर ते पाणी उडून जाणार कुठे? चवथीला फक्त मऊ ब्रशने धूळ आणि बुरशी झाडा, तीही पेटी अंगणात किंवा ओसरीवर नेऊन, तोंडाला फडकं बांधून. घरात झाडलीत तर बुरशीचे कण कपाटातल्या साड्यांवर जाऊन बसतील. खरी सफाई दिवाळीनंतर, कोरडी हवा सुरू झाली की.

सफाईच्या आधी परीक्षा. पेटीवर लाखच आहे हे गृहीत धरू नका. 1920 च्या दशकापासून कारखान्यांनी फवाऱ्याने मारायचं नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरायला सुरुवात केली, आणि आपल्याकडच्या पेट्यांवर मधल्या काळात कोणीतरी भलतंच पॉलिश चढवलेलंही असतं. पेटीच्या मागे, खालच्या कडेला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लावा. काही सेकंदांत चिकट झालं तर लाख. झालं नाही तर शेजारी एनसी थिनरचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायच्या द्रावणाचा, थेंब. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर जुनं तेलाचं वार्निश किंवा अलीकडचं मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) असं काही कृत्रिम पॉलिश. स्पिरिट आणि थिनर यांचा पेटीशी संबंध इथेच संपला. बाटल्या उचलून ठेवा.

मग यंत्र. चावी दिलेली असेल तर तबकडीचं चाक फिरू द्या, आपणहून थांबेपर्यंत, म्हणजे स्प्रिंगचा सगळा ताण उतरेल. स्प्रिंगचा डबा उघडायचा नाही. ताणलेली स्प्रिंग बोटं कापून नेते. साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवलेली आवाजाची गोल डबी, काढून वेगळा ठेवा. काही यंत्रांतले साउंडबॉक्स आणि कर्ण्याचे जोड जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि इतक्या वर्षांत ते फुगून ठिसूळ झालेले असतात. निघत नसेल तर ओढू नका.

आता पहिली फेरी कोरडी: दाढीचा मऊ ब्रश, कोपऱ्यांत आणि नक्षीत. दुसरी फेरी तेलकट मळासाठी, म्हणजे जुनं मेण, मोटरचं ठिबकलेलं ग्रीस, समईचं तेल. याला रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. ते लाखेला विरघळवत नाही, तेलाला विरघळवतं. तरी आधी लपलेल्या जागी परीक्षा, खिडक्या उघड्या, जवळ समई-उदबत्ती नाही. सुती फडक्यावर थोडंसं घेऊन फिरवायचं, फडक्याचा मळलेला भाग सतत बदलायचा. पेटीवर ओतायचं नाही.

तिसरी फेरी घामाच्या हातांचे, चहाचे, खाऊचे डाग, जे टर्पेंटाइनला जुमानत नाहीत. इथे मी जे सांगणार आहे ते ऐकून नाक मुरडू नका: थुंकी. कापसाची काडी जिभेला लावून ओली करायची, डागावर हलकेच फिरवायची, टाकून द्यायची, नवी घ्यायची. शेवटी साध्या पाण्याने जेमतेम ओलावलेल्या काडीने पुसून लगेच कोरडं करायचं. संग्रहालयांतले जाणकार हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. पोर्तुगालच्या तीन संशोधकांनी 1990 साली यावर रीतसर निबंध लिहिला. भाकरीतला स्टार्च पचवणारं लाळेतलं अमायलेज हे विकर मळही सोडवतं, असं त्यांना आढळलं. 2018 साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं इथे होते, पण ही युक्ती माझ्या आजीला त्यांच्याआधीच ठाऊक होती. ती आमची तोंडं पदराने अशीच पुसायची. तंबाखू खाणाऱ्याने मात्र हे काम दुसऱ्याला द्यावं.

एका जागेला यातलं काहीच लावायचं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला कर्ण्यापुढे बसलेलं कुत्रं किंवा कंपनीचं सोनेरी नाव असतं ना, ते रंगवलेलं नसतं. कागदावर छापून लाकडावर उतरवलेलं ते पातळ चित्र असतं. सोनेरी रंग पुसला की परत येत नाही. तिथे फक्त ब्रश.

शेवटी मेण. मधमाशीचं किंवा कार्नोबाचं घट्ट मेण, बोटाच्या टोकावर मावेल इतकं, पातळ पसरून, अर्ध्या तासाने मऊ फडक्याने घासून काढायचं. वर्षातून एकदा पुरे. पॉलिशला भेगा असतील तर पांढरं मेण नको, तपकिरी घ्या, नाहीतर वर सांगितलेल्या पांढऱ्या रेघा तुम्हीच तयार कराल. फवाऱ्याच्या डब्यातलं फर्निचर पॉलिश घेऊ नका. त्यात बहुधा सिलिकोन असतं. ते बारीक भेगांतून आत गेलं की पुढे कधी नवं पॉलिश चढवायचं झालं तर ते तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.

हातातली रेक्झीन लावलेली सुटकेस-छापाची यंत्रं असतील तर यातलं बरंचसं लागू नाही. ती कोरड्या ब्रशने झाडा, जेमतेम ओल्या फडक्याने पुसा, उघडी ठेवून वाळवा.

"पण लाकडाला तेल पाजावं लागतं ना?"

नाही. हा समज इतका खोल रुजला आहे की तो काढायला पेटी साफ करण्याहून जास्त वेळ लागतो. लाकूड जिवंत नाही, त्याला भूक लागत नाही. आपण लावतो ते तेल पॉलिशवरच राहतं किंवा भेगांतून आत जाऊन अडकतं. दोन दिवस रंग गडद आणि तजेलदार दिसतो, कारण भेगा भरलेल्या असतात. ओला दगड कोरड्या दगडाहून गडद दिसतो त्यातलाच प्रकार. मग?

खोबरेल कधी वाळतच नाही. त्यावर धूळ चिकटते, ते खवट होतं, आणि पुढच्या पावसात बुरशीला आयती मेजवानी. अळशीचं तेल याच्या उलट, ते वाळतं. वाळून कडक, काळपट, आणि काही वर्षांनी जवळजवळ न निघणारं कवच होतं. शिवाय अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणजे पुन्हा लाक्षागृह.

"नव्याने पॉलिश मारून घेतलं तर काय बिघडलं?"

याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही. पॉलिश मारायचं म्हणजे आधी पॉलिश पेपरने घासायचं. पापुद्रा 1 मिलिमीटरच्या आत. मशीन लावलं तर कडांवर तो दोन मिनिटांत संपतो आणि खालचं फिकट लाकूड दिसतं, मग ते लपवायला गडद रंग, मग सगळ्या पेटीला गडद रंग. शंभर वर्षांत लाकडाला आणि लाखेला मिळून जी मधासारखी छटा आलेली असते ती जाते. सोनेरी कुत्रं जातं. आणि मेलामाइन किंवा पीयू चढवलं तर मागे फिरायची वाटही बंद.

शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा टाका घालतो. चुकलं तर धागा ओढला की कापड पूर्वीसारखं. जुन्या वस्तूवर करायचं प्रत्येक काम कच्च्या टाक्याचं असावं, पुढच्या माणसाला उसवता आलं पाहिजे. लाख या बाबतीत गुणाची आहे, कारण स्पिरिटने ती कधीही उतरते. तिचा जो दोष आपण वर पाहिला तोच इथे गुण. पॉलिश खरोखरच सगळं निघून गेलं असेल, लाकूड उघडं पडलं असेल, तर जरूर पॉलिश करा, पण चपड्याचं, हाताने, आणि उघड्या पडलेल्या भागापुरतं. दुकानात "स्पिरिट पॉलिश" म्हणून सांगितलं की पॉलिशवाल्याला कळतं. तो "मेलामाइन जास्त टिकेल" म्हणेल. खरंच जास्त टिकेल. तरी नको म्हणा.

पापुद्रा सुटला असेल तर तीच गोष्ट. तो मुळात चिकटवलाय सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या डिंकाने, जो गरम पाण्याने पुन्हा मऊ होतो. बाजारातला पांढरा डिंक त्यावर नीट धरत नाही आणि एकदा धरला की सोडत नाही. सरस शिजवता येणारा जुना मेस्त, म्हणजे सुतार, सापडला तर त्याला जाऊ देऊ नका. या कामी सरसच सरस. तोवर सुटलेला तुकडा पाकिटात घालून पेटीच्या कप्प्यातच ठेवा, फेकू नका.

एक गोष्ट मात्र घासापुशीच्या आधीच पाहून घ्यावी: पेटी खरंच जुनी आहे का. चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी नवीकोरी पेटी, त्यावर कुत्र्याचं बिल्ल्यासारखं ठोकलेलं चित्र, आत कुठल्यातरी दुसऱ्याच यंत्रातून काढलेली मोटर, असे जोडून बनवलेले ग्रामोफोन पर्यटकांच्या बाजारात भरपूर आहेत. तुमचा त्यातला असेल तर निर्धास्त व्हा आणि हवं ते लावा. खोबरेलसुद्धा.

"आमची पेटी सागाची, तिला काय होतंय?"

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, हे खरं. पण सालीजवळच्या फिकट भागाला हे संरक्षण नसतं, आणि सागाच्या पेटीचा तळ आणि पाठ पुष्कळदा स्वस्त लाकडाची किंवा प्लायची असते. परदेशातून आलेल्या ओक-अक्रोडाच्या पेट्यांना तर आपल्या वाळवीची ओळखच नव्हती.

वाळवी मातीच्या नळ्यांमधून येते, त्या दिसतात. घुण दिसत नाही; दिसतात ती टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पडलेली मैद्यासारखी पूड. भोकं दिसली की लोक रॉकेल ओततात. त्याने पॉलिश खराब होतं, पेटी पेटायला तयार होते, आणि आतल्या अळीपर्यंत ते पोचेलच असं नाही. भोकं जुनी आहेत की किडा अजून आत आहे, हे आधी ठरवायला हवं. पेटीखाली काळा कागद पसरा, कोपऱ्यावर तारीख लिहा, आणि महिन्याभराने बघा. कागद स्वच्छ असेल तर किडा केव्हाच उडून गेलाय, भोकं तेवढी तपकिरी मेणाने भरा. पूड असेल तर जाणकार गाठा. संग्रहालयांत अशा वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांवर आठवडा-दोन आठवडे गोठवतात किंवा प्राणवायू काढून घेतात. घरच्या फ्रिजमध्ये पेटी मावत नाही, आणि मोटर आत ठेवून तर हे करायचंच नसतं.

आमच्या पेटीखाली मार्चपासून असा कागद आहे. चार महिने स्वच्छ. परवा संध्याकाळी बघतो तर एका कोपऱ्यात चिमूटभर फिकट पूड. रात्रभर झोप नाही. सकाळी भिंग घेऊन ओणवा झालो तर शेजारी अर्धं खारं बिस्किट सापडलं, आणि बिस्किटापर्यंत पोचलेली मुंग्यांची रांग. नातवाला विचारलं तर तो म्हणाला, कुत्र्याला ठेवलं होतं, झाकणातल्या.